बावड्याची गोधडी, सोलापूरचा पत्ता

धुऊन धुऊन विरलेल्या सुती साडीला एक वास असतो. तो साबणाचा नसतो, उन्हाचाही नसतो. वर्षानुवर्षं एका अंगाला बिलगून राहिल्यावर कापडाच्या धाग्याधाग्यात जी ऊब मुरते, तिचाच तो परिमळ असावा. बावड्याला भावाच्या घरी गेलं, की ओसरीवर पाय ठेवण्याआधीच हा वास मला सामोरा येतो. माझी भावजय सुनंदा तिथं भिंतीला टेकून, मांडीवर साड्यांचे थर घेऊन शिवत बसलेली असते. बाहेर पेरूच्या बागेतली हिरवी शांतता आणि आत सुईची संथ लय! ध्यान ध्यान म्हणतात, ते याहून निराळं काय असतं?

सुनंदाच्या गोधड्या पूर्वी गावातच फिरत; कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या लेकीच्या पाठवणीला. त्या पंचक्रोशीबाहेर न्यायचं खूळ माझं. शाळेतून निवृत्त होऊन मी बारामतीच्या घरी रिकामी बसले होते. बचत गटांतल्या बायकांना मोबाइलवरून विक्री शिकवणारा वर्ग घराजवळच भरायचा, त्यात मीही जाऊन बसू लागले. शिकलेलं सगळं घेऊन बावड्याला गेले आणि आम्ही दोघींनी इन्स्टाग्रामवर गोधड्यांचं पान उघडलं. पहिल्या फोटोखाली मी शुद्ध मराठीत लिहिलं, 'सुबक व टिकाऊ गोधड्या मिळतील. संपर्क साधावा.' कुणीही संपर्क साधला नाही.

मग एका दुपारी शिवता शिवता सुनंदा सहज म्हणाली, "वन्सं, ही हिरवी माज्या चुलतसासूची. पदराला लोणच्याचा डाग हाय बगा. त्यो मी मुद्दाम ठिवलाय. तेवडा डाग दिसला की म्हातारी समोर उभी ऱ्हाती." मी ते वाक्य जसंच्या तसं फोटोखाली घातलं. संध्याकाळपर्यंत अनोळखी बायकांचे निरोप येऊ लागले. कुणी विचारत होतं, 'माझ्या आजीच्या साड्या पाठवू का?' कुणी नुसतंच लिहीत होतं, 'आमच्याकडेही असा डाग आहे.'

जाहिरात हा शब्द मला आजवर जरा उर्मट वाटत आला होता. लोकांच्या खांद्याला धरून हलवणारा. पण माणसं वस्तूकडे वळतात ती काही दर वेळी वस्तूसाठी नव्हे! आपल्या मनात पडून असलेलं काहीतरी दुसऱ्याच्या ओसरीवर उन्हात पसरलेलं दिसतं, आणि पावलं थबकतात. तेव्हापासून आमची वाटणी ठरून गेली. ती शिवायची, फोटो काढायची. मी तिच्या तोंडचे शब्द वेचून खाली ठेवायची.

अशातच सोलापूरहून मनीषा माने नावाच्या मुलीनं साड्यांचं एक गाठोडं पाठवलं. तिची आई पावसाळ्यात गेली होती, आणि तिला स्वतःला दिवस गेलेले. तिनं लिहिलं होतं, 'आई माझ्या बाळंतपणाला येणार होती. आता तिच्या साड्या तरी जवळ असू द्या.' ते मी वाचून दाखवलं. सुनंदानं पदरानं डोळे पुसले, हात धुतले आणि सुई ओवली. इतकं जीव ओतून शिवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. चारी बाजूंनी जांभळा काठ, मधे फिकट गुलाबी, आणि एका कोपऱ्यात पिवळ्या फुलांचा तुकडा. फोटो पानावर चढला आणि गोधडी इंदापूरहून कुरिअरनं सोलापूरला रवाना झाली.

ती मनीषाला मिळालीच नाही.

कुरिअरवाले म्हणत, पार्सल पोहोचलं आहे, घेणाऱ्यानं 'माने' अशी सही केली आहे. मनीषा म्हणे, माझ्या दारात कुणी आलंच नाही. चकरा झाल्या, फोन झाले, आणि शेवटी तिचा निरोप आला, 'असू दे ताई.' ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्या शब्दांनी सुनंदाचं अवसानच गळालं. मी बावड्याला पोहोचले तेव्हा ती चुलीसमोर तशीच बसून होती; भाकरी तव्यावर करपत होती.

"वन्सं, गोधडी काय, दुसरी शिवीन मी," ती म्हणाली. "पर तिची आई कुठनं आणू? बंद करा ते पान. माज्या हातनं न्हाय व्हायचं आता."

गावातल्या गावात गोधडी देताना वस्तू या हातातून त्या हातात जायची. मधे कुणी अपरिचित नसायचं. आम्ही पंचक्रोशी ओलांडली, आणि ओलांडल्यावर कळलं, की दूरवरच्या ग्राहकाबरोबर दूरवरची काळजीही दारात येते. तरी पान बंद करायला माझा हात धजेना. मी तोच फोटो पुन्हा घेतला आणि खाली लिहिलं, 'ही गोधडी विकायची नाही. ही हरवली आहे. सोलापुरात कुणाच्या घरी चुकून पोहोचली असेल, तर एका लेकीला तिच्या आईच्या साड्या परत मिळतील.'

"सगळ्या जगाला कळंल की आपण हरवली म्हणून," सुनंदा कुजबुजली.

"कळू दे," मी म्हटलं.

जग हे असं असतं, की पहिली प्रतिक्रिया आली ती 'प्रसिद्धीसाठी नाटक' अशी. पण त्या पाठोपाठ दुसऱ्या बायका आल्या. कुणी तो फोटो भिशीच्या गटात टाकला, कुणी माहेरच्या, कुणी मुलांच्या शाळेच्या. ज्या वाटेनं अफवा धावतात त्याच वाटेनं करुणाही अनवाणी धावू शकते, हे मी त्या दिवसांत डोळ्यांनी पाहिलं.

आणि एका सकाळी सोलापूरहून एका बाईंचा फोन आला. "अहो, आमच्या समोरच्या गॅलरीत रोज हीच गोधडी उन्हाला टाकलेली असते. जांभळा काठ, कोपऱ्यात पिवळी फुलं. माने आजींकडं."

उलगडा साधाच होता. एकाच नावाच्या दोन वसाहती, एक जुनी, एक नवी, दोन्हींत माने. मी ओरडूनच सुनंदाला सांगितलं. ती हसू लागली, हसता हसता रडू लागली, आणि तिचा पहिला प्रश्न होता, "धड हाय न्हवं? उसवली न्हाय ना कुठं?" छातीवरचा धोंडा उतरतो म्हणजे काय होतं, हे मला त्या क्षणी कळलं. आधी श्वास येतो; शब्द मागून येतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं सोलापूर गाठलं. मनीषा अवघडलेल्या अंगानं माने आजींच्या इमारतीच्या फाटकाशी उभी होती. तिघी मिळून जिना चढलो. माने आजींनी दार उघडलं. शेजारणीनं त्यांना सांगून ठेवलं होतं. गोधडी खाटेवर नीट घडी करून ठेवलेली.

"माझा मुलगा परदेशी असतो," आजी म्हणाल्या. "मला वाटलं, त्यानं पाठवली. मी फोनवर म्हटलं, मिळाली रे. तो म्हणाला, काय मिळालं? तेव्हा समजलं. पण तोवर वरचा कागद कचऱ्यात गेलेला. परत करायची तर कुणाला?" त्यांनी खाटेकडे पाहिलं. "आणि खरं सांगू? फार ऊब होती हो तिच्यात."

मनीषा त्यांच्याजवळ खाटेवर बसली, गोधडीवर हात फिरवला आणि म्हणाली, "आई मला सारखी दिसायची, कुठंतरी चिखलात भिजत पडलेली. आणि ती इथं होती, घरात, कोरडी, कुणालातरी पांघरूण घालत. आजी, किती बरं वाटलं म्हणून सांगू!" मग ती मनसोक्त रडली, आणि आजी तिची पाठ थोपटत राहिल्या.

परतीच्या गाडीत सुनंदा खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली. टेंभुर्णी मागं पडली, उसाचे फड पळत राहिले. ज्याला आपण सुख म्हणतो, त्यातलं कितीतरी म्हणजे केवळ टळलेलं दुःख नसतं का? पण ते टळलेलं दुःखही किती शीतल असतं! मी तिला इंदापूर येईपर्यंत उठवलं नाही.

मनीषाला मुलगी झाली, त्याच सुमारास बावड्याला एक गाठोडं आलं. पाठवणाऱ्या माने आजी. आत त्यांच्या स्वतःच्या साड्या, धुऊन, इस्त्री करून ठेवलेल्या. सुनंदानं गोधडी पुरी केली, फोटो काढला, आणि नेहमीप्रमाणे मी शब्दांसाठी फोन लावला. "आजी, हिच्याखाली काय लिहू?"

पलीकडून आजींचा आवाज आला, अगदी स्वच्छ.

"लिहा, ही कुणी पाठवली नाही. माझी मी मागवली."