अकोल्याची ती मुलाखत कोणी दिली?

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. आयुष्यभर विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या. तार तुटली की मोटार बंद, एवढंच माझं तत्त्वज्ञान. तरी साठच्या दशकातली ही गोष्ट सांगून टाकतो… एकट्यानं बाळगून आता कंटाळा आला.

आम्ही वलगावचे. छप्पन साली बौद्ध झालो. अमरावतीत एका उस्तादांकडे मी मोटारीचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारा गुंडाळायचं काम, शिकलो. मुलाखतींना जायचो, हाताचं काम सगळ्यांना आवडायचं. मग आडनाव विचारलं जायचं आणि साहेबांना एकदम चहा आठवायचा. "कळवू." कोणी कधी कळवलं नाही. अकोल्यात मोटारी बनवणाऱ्या एका बड्या कंपनीचं बोलावणं आलं, तेव्हा ठरवलं — ही शेवटची. नाही जमलं तर बापासोबत मजुरीला.

आणि मूर्तिजापूरजवळ एस.टी. बंद पडली! पोचलो तेव्हा दुपार कलली होती. चपराशी वैतागला, "परत कायले आले तुमी? सकाळीच तं झालं तुमचं."

"मी तं आत्ताच येऊन राहिलो, भाऊ!"

साहेबांनी आत बोलावलं. टेबलावर एक मोटार सुरू होती. "सकाळी तुम्हीच गुंडाळलीत की," म्हणत त्यांनी ती बंद करून उघडून दाखवली. तारांवर बांधलेल्या सुताची शेवटची गाठ आतल्या बाजूला होती. तशी गाठ फक्त आमचे उस्ताद मारत आणि मी. उस्तादांचे हात तर लकव्यानं गेलेले.

"मी नव्हतो, साहेब."

"थकलात तुम्ही," ते हसले. "सकाळी तर काय ठणकावलंत! मी कळवू म्हटलं, तर म्हणालात, 'कळवू म्हनू नका. आडनाव आयकलं ना? आता इथंच सांगा.' मलाच लाज वाटली. सोमवारपासून या."

मला रडू कोसळलं. आनंदाचं नव्हे… ते वाक्य मी कितीदा मनात घोळवलं होतं, पण कोणापुढे उच्चारायची हिंमत झाली नव्हती.

मायला सांगितलं, तर ती म्हणाली, "नोकरी भेटली ना? मग कायले डोकं खाऊन राहिला?"

त्याच कंपनीतून निवृत्त झालो. उलगडा आजवर झालेला नाही. निरोपाच्या दिवशी हार घातला, माझ्या धाडसाचं कौतुक झालं. मी मान खाली घालून ऐकत होतो. शेजारी अजून एक खुर्ची टाकायला हवी होती, असं सारखं वाटत होतं.