चिंचेतला खिळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचो. पावसाचा काढायचो, तुरीच्या भावाचा काढायचो, नातवाच्या परीक्षेचा काढायचो. इतकी वर्षं हेच केलं. आज बदलणार नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहितो — आणि शेवटपर्यंत लिहितो.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. साहेब लोकांच्या जीपा वाढल्या, रस्ते रुंद करायचे ठरले. मी बांधकाम खात्यात मिस्त्री होतो. रस्त्याकडेची मोठी झाडं पाडायच्या कामावर देखरेख माझी. त्यात दुष्काळ. शेळ्यांना घालायला पाला नव्हता, म्हणून लोकांनी हात पोचेल त्या बाजूच्या फांद्या छाटून नेलेल्या. झाडं एका अंगानं बोडकी, दुसऱ्या अंगानं जड. असं झाड कुठं कलंडेल याचा नेम नसतो. म्हणून ठेकेदारानं किनवटहून किसनला आणलं.

किसन माझ्याच वयाचा. बौद्ध घरातला, जंगलाच्या कामात तयार झालेला, साखळीची मोठी करवत चालवणारा. मशीन सुरू होईपर्यंत त्याचं तोंड चालू असायचं. डोक्यावर पिवळं हेल्मेट. ते कुणी डोक्यावर घालून बघितलं की चिडायचा. आधी झाडाभोवती फिरायचा, वर बघायचा — वाळकी फांदी लटकलेली तर नाही ना. मग मागं तिरप्या दोन वाटा झाडून मोकळ्या करायचा. पळायची वाट आधी, कापायचं मग, असं म्हणायचा. लोकांना झाडाच्या दुप्पट लांबीवर हाकलायचा. झाड पाडायचं त्या अंगाला खाच घ्यायचा, मग पाठीमागून जरा वर काप. दोन्हींच्या मधे थोडं लाकूड राखायचा. त्याला तो बिजागरी म्हणायचा. दार जसं फिरतं तसं झाड तिच्यावर फिरून खाली येतं. मशीन दोन्ही हातांनी, खांद्याच्या वर कधी नाही. आणि रोज सकाळी साखळीचा दात न् दात कानशीनं घासून, ती ताणून बघायचा.

शिवाय प्रत्येक झाडापाशी एक प्रश्न. खिळा आहे का?

आपल्याकडं चिंचेला खिळे ठोकतात, तुम्हाला माहीत असेल. कुणाला झपाटलं की देवऋषी त्या बाधेला झाडात खिळ्यानं बांधून टाकतो. काही वर्षांत साल तो खिळा गिळते. वरून काही दिसत नाही. आणि धावती साखळी लोखंडावर गेली की तुटते आणि उलटी फिरून येते. म्हणून किसन गावातल्या लोकांना विचारायचा. ते दाखवतील तिथं खडूनं गोल काढायचा, आणि त्याच्या खाली-वर काप घ्यायचा. तो हसायचा नाही. हसायचो मी. अडाणी लोक, म्हणायचो. एकदा त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की मिस्त्री, तुम्ही हसू नका, लोक लाजतात अन् खिळा लपवतात.

मी काय केलं असेल? तरीही हसत राहिलो.

मग काम आमच्याच गावाशी आलं. शिरूर अनंतपाळकडं जाणाऱ्या रस्त्यावरची ती चिंच — दोघांच्या कवेत न मावणारी. अर्धं गाव जमलं. माझी चुलती पुढं येऊन म्हणाली, "आमचा मिस्त्री मोठा झाला रे बाबा. आता चिंच खायला बी लातूरलाच जावं लागंल." लोक हसले. मीही हसलो.

किसननं झाडाला फेरी मारली आणि सगळ्यांसमोर मलाच विचारलं.

"मिस्त्री, गाव तुमचं हाय. काय ठोकलंय का हिला?"

"न्हाई," मी म्हणालो. "आमच्या गावात असलं काही चालत न्हाई."

"बगा बरं. भूत असलं तर असू द्या, ते साखळीला लागत न्हाई. खिळा लागतंय."

"न्हाई म्हटलं ना."

खिळा होता. तो मीच ठोकला होता.

त्याच्या काही वर्षं आधी पहिलं मूल मेलेलं जन्मलं आणि माझी बायको सुशीला बोलायची थांबली. जेवायची नाही, भिंतीकडं बघत बसायची. लातूरच्या डॉक्टरला दाखवलं. मग हळूच देवऋषीकडं गेलो. बाजाराच्या दिवशी भर दुपारी, गाव रिकामं असताना, त्यानं दिलेला वीतभर लांब खिळा मी त्या चिंचेत ठोकला. छातीच्या उंचीला, गावाच्या अंगानं. पुढं सुशीला बोलू लागली. कशानं, ते मला माहीत नाही. खिळ्याचं आम्हा दोघांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, खोटंच बोलायचं होतं तर दुसरं बोलायचं. इथं कुणीतरी कुंपणाची तार मारली होती, एवढं म्हटलं असतं तरी त्यानं खडूचा गोल काढला असता. कुणी मला हसलं नसतं. ते मला सुचलं नाही का? सुचलं होतं. हेच तर सांगतो आहे — सुचलं होतं. पण तार कुणी मारली, कधी मारली, असं कुणी विचारलं तर? चुलती तिथंच उभी होती.

बुंध्याशी मुळांचे गाठाळ फुगवटे होते, म्हणून काप वर घ्यावा लागणार होता. किती वर, ते मला दिसत होतं: खिळ्याच्याच उंचीला. त्यानं खाच घेतली. मागं, गावाच्या अंगाला आला. मशीन लाकडात शिरलं तेव्हाही मी हात वर करू शकत होतो. हात वर केला की थांबायचं, हे आमचं ठरलेलं होतं. मी हात खिशात घातले.

कडाड आवाज आला आणि मशीन बंद पडलं. किसन खाली बसला होता, उजवा हात पोटाशी धरून. कुणीतरी त्याच्या हाताला धोतर गुंडाळलं, जीपमध्ये घालून लातूरला नेलं. अंगठा वाचला. बाकीची बोटं गेली.

लोक जीपमागं पळाले तेव्हा मी झाडापाशी गेलो. कापात खिळा चकाकत होता. मी त्यावर भुसा दाबून भरला. दुसऱ्या दिवशी माणसं लावून हाताच्या करवतीनं बुंधा खालून कापून घेतला. ते लाकूड वीटभट्टीत गेलं.

साहेबांनी विचारलं, साखळी तुटली कशी? मी सांगितलं, ढिली होती. त्या दिवशी सकाळी किसननं ती तपासलीच नाही, मी पाहत होतो. त्या दिवशी त्यानं प्रत्येक दात घासला होता. ते मी पाहिलं होतं. निष्काळजी माणूस म्हणून ठेकेदारानं त्याला वाटेला लावलं.

अपघाताच्या रात्री सुशीलानं ताट वाढताना एवढंच विचारलं, "तुम्ही किसनभाऊंना सांगितलं न्हाई?" मी म्हणालो, गप बस. त्यानंतर आमच्या घरात चिंच शिजली नाही.

बऱ्याच वर्षांनी एकदा ठरवून किनवटला गेलो. किसन आश्रमशाळेच्या वसतिगृहावर पहारेकरी होता. मला बघून उठला, डाव्या हातानं खुर्ची पुसली, चहा मागवला. तोंड तसंच चालू. म्हणाला, जंगलाच्या कामावरची पोरं अजून शिकायला येतात. मग म्हणाला —

"त्यास्नी पैलं हेच सांगतो, सकाळी साखळी ताणल्याबिगर मशीनला हात लावू नगा. मी एक दिस चुकलो. लई दिस मला वाटायचं, ताणली हुती की. चांगली आठवायची. पण तुम्ही समोर हुता. तुम्ही कशाला खोटं बोलताल?"

त्याला माझ्यावर राग नव्हता. तो स्वतःवर होता. बोटं साखळीनं नेली. पण आपल्या हातांनी काम नीट केलं होतं ही त्याची आठवण मी नेली. माझ्या शब्दानं तिला त्याच्याच मनात खोटं ठरवलं. मी ते ऐकलं, चहा संपवला, आणि म्हणालो, "येतो." तो फाटकापर्यंत सोडायला आला. गाडीला वेळ आहे, बसा की, म्हणाला. मी बसलो नाही.

पुन्हा जाईन, असं स्वतःला सांगत राहिलो. मागच्या उन्हाळ्यात तो गेल्याचं कळलं. सुशीला त्याच्या आधीच गेली. आता ओरडून सांगितलं तरी ऐकणारं कुणी नाही, आणि मी सांगायला तयार झालो ते अशा वेळी. त्याचा अर्थ तुम्ही लावा.

त्या फाटकाशी जे बोलायचं होतं, ते मी गाडीत मनाशी नीट जुळवून नेलं होतं. ते असं होतं —

किसनभाऊ, तुम्ही साखळी ताणली होती. खिळा माझा होता, आणि मला माहीत होतं. मला माफ करा.