उशीखालची रिबीन

माझ्या गोष्टीतलं सरकार फार क्रूर आहे, असं मला ब्याण्णव साली इस्लामपूरच्या एसटीत बसेपर्यंत वाटत होतं.

शेजारच्या बाईंनी हातातल्या कागदांबद्दल विचारलं. म्हटलं, मुलांसाठी गोष्ट लिहितोय. सरकार सगळे रंग बंद करतं आणि एक मुलगी लाल रिबीन उशीखाली लपवते.

बाईंचं कपाळ मोकळं होतं, पण दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या.

"रंग बंद कराया सरकार कशाला लागतंय? मालक मिलिटरीत वारलं, तवा भावकीनं माझा चुडा फोडला. पुढच्याच बाजारी म्या परत भरला."

"लोक बोलले नाहीत?"

"बोलत्यात की." त्यांनी हात खळकन हलवला. पुढच्या बाकावरचे दोघे वळून बघायला लागले, तसा आणखी जोरात हलवला.

उतरताना म्हणाल्या, "त्या पोरीला सांगा, रिबीन डोक्यात घाल. उशीला केस आसत्यात व्हय?"