अर्धी ओळ

देऊळघाटच्या स्टँडवर रोज मेथी विकत बसणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. जुड्यांवर पाणी शिंपडताना ती गाणं म्हणायची, पण प्रत्येक ओळीचा शेवटचा अर्धा भागच. मला वाटायचं, बाईला गाणी अर्धीच पाठ आहेत. एकदा चहाच्या टपरीवर एक जुनं भीमगीत लागलं, तेव्हा तिचा शिंपडणारा हात थांबला.

"आमचीच पार्टी हाय हे," ती म्हणाली. "बाप पेटीवर, दोघं भाऊ माईकवर, मी कोरसले. सूर चुकला की बाप तिथंच हाणे. पण आमची कॅसेट घरोघरी वाजे."

बाप गेल्यावर भाऊ पार्टीच्या नावावरून भांडले. आता पार्ट्या दोन आहेत आणि दोन्हींच्या बॅनरवर 'असली' लिहिलेलं आहे. भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

ती हसली. "वाटे, दादा. मंग जयंतीले दोघाइचेही प्रोग्राम पाह्यले. मोठा अर्धी ओळ गाते अन् माईक डावीकडं धरते. तिथं धाकला उभा राहे ना! धाकला अजून उजवीकडं धरते. आता तिथं कोनीच नसते."

"मग?"

"मंग काय, पब्लिकमंदी बसून मीच म्हनते ते अर्धी ओळ. लय जोरात." ती पुन्हा जुड्यांवर पाणी शिंपडू लागली. "दोघाइलेबी वाटते, पब्लिकनं गानं उचललं."