देव्हाऱ्यातले ओळखपत्र

अमरावतीच्या आरक्षण खिडकीपाशी त्या बाई माझ्या पुढे उभ्या होत्या. अंगावर शुभ्र लुगडे, गळ्यात प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात मतदार ओळखपत्र. बोलता बोलता त्या पिशवी चाचपून पाहत. त्या दुसऱ्यांदा लुंबिनीला निघाल्या होत्या. मला आयुष्यात एकदा तरी पशुपतिनाथाचे दर्शन घडावे, एवढीच आस होती.

"नेपाळले पासपोर्ट लागत नाही, बाबाजी. पन कारड अस्सल पाह्यजे."

मी समाधानाने छायाप्रत दाखवली. मूळ ओळखपत्र आमच्या घरच्या रीतीप्रमाणे देव्हाऱ्यात, देवांच्या आसनाखाली सुरक्षित होते.

त्या खळखळून हसल्या. "काहून? तुमच्या देवाले नाका वलांडाचा हाय का? झेरॉक्स देवापाशी ठेवा अन् अस्सल गळ्यात घाला. मागच्या खेपेले आमच्यातली एक बाई झेरॉक्स घेऊन आली, तं नाक्यावरूनच वापस गेली."

घरी येऊन मी देवांची क्षमा मागितली आणि ओळखपत्र काढून घेतले.

सीमेवरच्या शिपायाने तेच निरखून पाहिले आणि मला पुढे जाऊ दिले. पशुपतिनाथासमोर हात जोडले, तेव्हा माझ्याही गळ्यातली ओळखपत्राची पिशवी छातीला लागली. त्या बाईंचे नाव मी विचारले नव्हते. तरीही पहिली प्रार्थना त्यांच्यासाठीच उमटली.