रस्टगेटचा ड्रमर

त्या सकाळी मला ऑफिसला न्यायला अविनाशची गाडी आली नाही. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या थंडीत मी डबा आणि पुस्तक घेऊन दारात उभा होतो. उशीर होणार असला की तो आधी कळवायचा, म्हणून मीच फोन केला. सुनंदावहिनींनी उचलला. "भावजी, ते गेले हो... पहाटे, झोपेतच." मी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवल्यावरही रस्त्याकडे बघत उभा राहिलो, एवढं मात्र आठवतं.

आम्ही दोघं एकाच मोटार कंपनीत. धावत्या गाडीत बसलेल्या माणसाला इंजिनाचा, टायरचा, वाऱ्याचा आवाज कमीत कमी यावा, हे बघणं अविनाशचं काम. असा हा माणूस ड्राइव्ह करताना स्वतः मात्र सतत स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा. एकदा हायवेवर आम्ही अडकून पडलो असताना तो सहज म्हणाला, "इंग्लंडला शिकायला होतो ना, तेव्हा मी हेवी मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायचो. रस्टगेट नाव." मला वाटलं, चेष्टा करतोय. "खांद्यापर्यंत केस होते यार!" म्हणाला. पुढे वहिनींनी फोटोच दाखवला. "हे बघा, गंजक्या फाटकाचे राखणदार. लग्नाआधी दाखवला असता ना, तर आज या घरात दुसरीच कुणी दिसली असती!"

रस्टगेट म्हणजे बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यांच्या गावातली चार पोरं. चर्चमागच्या हॉलमध्ये सराव, पबमध्ये कार्यक्रम आणि दोन गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड. त्यातलं एक गाणं अविनाशचं. लहानपणी नागपूरला तबला शिकलेला, त्यानं ड्रमवर रूपक ताल बसवला होता. सात मात्रा, आणि पहिलीच खाली, म्हणजे टाळी न देता सोडलेली; म्हणून ड्रमवर तिथे ठोका द्यायचा नाही, जागा मोकळी ठेवायची. बाकीच्या तिघांना ते मोजता येईना. ते नुसते अविनाशच्या खांद्याकडे बघून वाजवत. त्यानं शिकवायला घेतलं की गायक टेरी म्हणे, "मोजायचं कशाला? तू आहेसच की." त्यानंही मग नाद सोडला.

पहिला मोठा अल्बम निम्मा झाला असताना अविनाशला अमेरिकेत ॲडमिशन मिळाली. ड्रमर काय, कुठेही मिळतो, असं समजून तो निघून आला. नवे ड्रमर आले आणि गेले. प्रत्येक जण पहिल्या मात्रेवर दणका द्यायचा आणि गाणं विस्कटायचं. भांडणं झाली, अल्बम तसाच राहिला, बँड मोडला. हे सगळं त्याला कळलं ते फार उशिरा, टेरीनं त्याला इंटरनेटवर शोधून काढलं तेव्हा. "मी दोन आठवडे नीट बसून शिकवलं असतं ना..." एवढंच म्हणाला, आणि त्या दिवशी ऑफिस येईपर्यंत स्टिअरिंगवरची बोटं गप्प होती.

टेरीचं मागणं साधं होतं. चौघांनी त्याच हॉलमध्ये एकदा वाजवायचं, अविनाशचं ते सात मात्रांचं गाणं पुन्हा शेवटपर्यंत न्यायचं. अविनाशनं तिकीट काढलं. बेसमेंटमध्ये इलेक्ट्रॉनिक ड्रम आणले, कानाला हेडफोन लावून सराव सुरू केला. वर वहिनींना नुसती टकटक ऐकू यायची. त्याला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. आणि नेमकी कंपनीच्या नव्या गाडीच्या डॅशबोर्डमागे कुठेतरी बारीक घरघर यायला लागली. ती काही केल्या सापडेना. त्यानं तिकीट कॅन्सल केलं.

"अरे, दुसरं कुणी शोधेल. तू जाऊन ये," मी म्हणालो.

"ते थांबतील यार. इतकी वर्षं थांबलेतच ना?"

घरघर त्यानं शोधून काढली. एक सैल क्लिप होती. नवं तिकीट मात्र काढायचं राहून गेलं...

अविनाश गेल्यानंतर काही दिवसांनी टेरीचा फोन आला. वहिनींनी तो स्पीकरवर लावला होता. ते तिघं त्या हॉलमध्ये वाजवणार आहेत, पण ते गाणं सोडून. टेरी रडत होता. वहिनी मराठीतच म्हणत राहिल्या, "असू दे हो, असू दे."

वहिनी ड्राइव्ह करत नाहीत. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून मीच त्याची गाडी फिरवून आणतो. स्टिअरिंगचं कातडं हातांनी धरायच्या जागी अजून नव्यासारखं आहे. जिथे त्याची बोटं पडायची, तिथे ते झिजून मऊ झालंय. परवा सिग्नलला थांबलो असताना मी तिथे सात मात्रा मोजून पाहिल्या. पहिलीला बोट नुसतं उचलून धरलं, त्यानं सांगितलं होतं तसं. ते खाली आणायचं भानच राहिलं नाही. सिग्नल हिरवा झाला असावा. मागचा माणूस बराच वेळ हॉर्न वाजवत होता, पण अविनाशच्या गाडीत तो फारसा ऐकू येत नव्हता.