तेरवीची छत्री
नव्या छत्रीच्या कापडाला रबरासारखा एक वास असतो. तो आला की मला वसमतच्या बाजारातलं एक दुकान आठवतं. धाकटा भाऊ पुण्यात वारला, तेव्हा तेरवीला छत्री दान द्यायची होती. पुढच्या वाटेवर गेलेल्याला ऊनपाऊस लागू नये म्हणून ती द्यायची. ऐपतीप्रमाणे कोणतीही चालेल, असं गुरुजींनी सांगितलं होतं. बाहेर हळदीची पोती उतरत होती आणि दुकानभर पिवळी धूळ बसली होती. दुकानदाराने आधी स्वस्तातली घडीची छत्री दाखवली, मग लाकडी दांड्याची. वडिलांनी दोन्ही बाजूला सारल्या. "आमचं पोरगं गोल्फ खेळतंय. काठ्यांची पिशवी भिजू नये, अशी मोठी पायजे." "मग ही घ्या काका. महाग हाय, पण अख्खं खटलं मावतंय हिच्यात," दुकानदार हसून म्हणाला. वडील ती उघडून दुकानातच तिच्याखाली उभे राहिले. "त्यांनाच घेऊन या की, पसंत करतील," दुकानदार म्हणाला. "त्याला येणं होत न्हाई." "पुण्याला गेलेली लेकरं अशीच, काका. गाव इसरून जातेत." वडील छत्री मिटत म्हणाले, "व्हय. इसरला." मी पैसे मोजून दिले. छत्री गुरुजींकडे गेली. दान पोचतं यावर माझा विश्वास नाही. तरीही गुरुजी ती न घेता भर पावसात भिजत जाताना दिसले, की मला अजून राग येतो.